युद्धानुभवी सैनिकांतील अनुपशांत शोक आणि भावबंध : एक अभ्यास



१. विषयप्रवेश

सातारा जिल्ह्यातील एक निवृत्त हवालदार आमच्या चिकित्सालयात सात वर्षे नियमितपणे येत होते. (रुग्णाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) खंडित निद्रा, वारंवार द्रवमलप्रवृत्ती, कटिशूल आणि अकारण संताप या त्यांच्या प्रमुख तक्रारी. त्यांना आघातोत्तर तणाव विकार, म्हणजे ज्यास सर्वत्र पीटीएसडी म्हटले जाते तो, असल्याचे निदान पूर्वीच झालेले होते. आम्ही वातप्रधान संप्राप्ती गृहीत धरून दीपन-पाचन, अभ्यंग, बस्ती व मेध्य द्रव्ये योजिली. उपशय मिळे, परंतु दरवर्षी आषाढात सर्व लक्षणे उलटत. वर्षाऋतूतील अग्निमांद्य व वातप्रकोप हे कारण इतके सरळ समोर होते की त्यापलीकडे पाहण्याची गरज आम्हांस वाटली नाही.

सातव्या वर्षी त्यांच्या पत्नी सोबत आल्या. हवालदारसाहेब बाहेर गेल्यावर त्या हळू आवाजात म्हणाल्या, ‘‘डॉक्टरसाहेब, ह्यांचा जोडीदार ह्याच दिवसांत गेला, कारगिलला. जुलै लागला की ह्यांचं असं होतं.’’ सात वर्षांच्या आमच्या रुग्णपत्रकात त्या जोडीदाराचा एका शब्दानेही उल्लेख नव्हता. कारण आम्ही विचारलेच नव्हते.

युद्धावरून परतलेल्या सैनिकाच्या भयाचा विचार सर्वजण करतात. शोकाचा विचार क्वचितच होतो. हे दोन हेतू भिन्न असून त्यांचा विचार स्वतंत्रपणे केला पाहिजे, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य आहे. या विषयावरील महत्त्वाचे संशोधन प्रामुख्याने अमेरिका व इस्रायल येथील सैनिकांवर झालेले असल्याने प्रथम त्याचा परामर्श घेऊन नंतर आपल्या चिकित्सालयाकडे वळू.

२. विकाराचे स्वरूप व व्याप्ती

युद्धानंतर सैनिकांत दिसणाऱ्या मनोविकृतीला पहिल्या महायुद्धात ‘शेल शॉक’ असे नाव होते. व्हिएतनाम युद्धाच्या अनुभवानंतर १९८० साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदानसंहितेच्या तिसऱ्या आवृत्तीत पीटीएसडी या संज्ञेचा प्रथम समावेश केला. आघाताच्या प्रसंगाची अनाहूत पुनरानुभूती व दुःस्वप्ने, त्या प्रसंगाची आठवण करून देणाऱ्या गोष्टी टाळणे, विचार व भावना यांत प्रतिकूल बदल होणे, आणि सततची अतिजागरूकता हे त्याचे चार मुख्य लक्षणसमूह आज मानले जातात.

व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांचे राष्ट्रीय पातळीवरील सर्वेक्षण १९८० च्या दशकात झाले. त्यानुसार युद्धक्षेत्रात गेलेल्या पुरुषांपैकी सुमारे ३१ टक्के जणांना आयुष्यात केव्हा ना केव्हा हा विकार झालेला होता व सुमारे १५ टक्के जणांना तो सर्वेक्षणाच्या वेळी होता. त्याच समूहाचा पाठपुरावा करणारा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात, युद्धाला चार दशके उलटल्यावरही सुमारे २ लाख ७१ हजार माजी सैनिक पूर्ण वा अंशतः या विकाराने ग्रस्त असल्याचा अंदाज मांडण्यात आला. काळ हे सर्व दुःखांवरचे औषध आहे असे आपण सहजपणे म्हणतो. ते येथे लागू पडत नाही.

३. भयाखाली दडलेला शोक

या विकाराची उपपत्ती दीर्घकाळ भयाच्या पायावर उभी होती. जिवावरचा प्रसंग, त्यातून निर्माण झालेले भय आणि त्या भयाची न विझणारी स्मृती, असा तो क्रम. परंतु युद्धात सैनिकाच्या वाट्याला केवळ भय येत नाही; त्याच्या शेजारचा माणूस मरतो.

इलीन पिव्हार व नायजेल फील्ड या संशोधकांनी २००४ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास या दृष्टीने मूलगामी आहे. पीटीएसडीसाठी आंतररुग्ण विभागात उपचार घेणाऱ्या ११४ व्हिएतनाम सैनिकांची त्यांनी तपासणी केली. तीन निष्कर्ष वैद्यांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. पहिला, शोकाची लक्षणे ही आघाताच्या व विषादाच्या लक्षणांपासून वेगळी काढता येतात. दुसरा, त्या शोकलक्षणांचा संबंध सैनिकाने सोसलेल्या मृत्यूंशी, म्हणजे गमावलेल्या माणसांशी होता. केवळ लढाईच्या भीषणतेशी नव्हे. तिसरा निष्कर्ष सर्वांत विदारक आहे. सुमारे तीस वर्षांपूर्वी गेलेल्या सहकाऱ्याविषयी या सैनिकांच्या मनातील शोकाची तीव्रता ही नुकताच जोडीदार गमावलेल्या पती किंवा पत्नीच्या शोकाइतकी होती.

शोक न शमता वर्षानुवर्षे तसाच राहतो तेव्हा त्यास आम्ही येथे ‘अनुपशांत शोक’ म्हणत आहोत. आता त्यास स्वतंत्र व्याधी म्हणूनही मान्यता मिळाली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय व्याधिवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, जी जानेवारी २०२२ पासून अमलात आली, दीर्घकालीन शोक विकाराचा समावेश असून त्यासाठी किमान सहा महिन्यांची मर्यादा आहे. अमेरिकन निदानसंहितेच्या २०२२ च्या सुधारित आवृत्तीतही तो आहे. तेथे प्रौढांसाठी मर्यादा बारा महिन्यांची आहे. मृत व्यक्तीची तीव्र ओढ किंवा तिचेच सतत विचार हे त्याचे मध्यवर्ती लक्षण होय. भयग्रस्त मनुष्य स्मृतीपासून पळतो, तर शोकग्रस्त मनुष्य स्मृतीकडे खेचला जातो. एकाच सैनिकात ही दोन्ही बले विरुद्ध दिशांनी कार्य करीत असतील, तर त्याचे वागणे घरच्यांना व चिकित्सकालाही अनाकलनीय वाटते यात नवल नाही.

हा शोक केवळ मनापुरता राहत नाही. युद्धभूमीवरून परतलेल्या सुमारे १५०० अमेरिकन पायदळ सैनिकांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी साधारणतः पाचांत एकाने जवळच्या व्यक्तीच्या मृत्यूचा शोक पेलणे कठीण जात असल्याचे सांगितले. निद्रेच्या तक्रारी, अंगदुखी, पाठदुखी व थकवा यांचा शोकाशी असलेला संबंध पीटीएसडी व विषाद यांचा प्रभाव वजा केल्यानंतरही शिल्लक राहिला. नेमक्या याच तक्रारी घेऊन माजी सैनिक वैद्याकडे येतात.

४. भावबंध म्हणजे काय?

एकाच तुकडीतील दोघांनी एकच मृत्यू पाहिला, तरी एकाचा शोक कालांतराने निवतो व दुसऱ्याचा तसाच राहतो. असे का व्हावे? या प्रश्नाचे एक उत्तर भावबंधाच्या सिद्धान्तात सापडते.

जॉन बोल्बी (१९०७-१९९०) या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञाने हा सिद्धान्त मांडला. त्यांचा त्रिखंडात्मक ग्रंथ १९६९, १९७३ व १९८० या वर्षी प्रसिद्ध झाला. इंग्रजीत ज्यास ‘अटॅचमेंट’ म्हणतात त्यास आम्ही येथे ‘भावबंध’ म्हणत आहोत. अर्भक भ्याले की आईकडे धाव घेते, तिच्या कुशीत शांत होते आणि पुन्हा खेळावयास जाते. ज्याच्याजवळ संकटात आश्रय मिळतो व ज्याच्या भरवशावर जगात पाऊल टाकता येते, अशा व्यक्तीशी जडलेला बंध म्हणजे भावबंध. हा बंध अन्नापोटी निर्माण होत नाही, सुरक्षिततेपोटी निर्माण होतो, आणि तो आयुष्यभर कार्यरत राहतो, असे बोल्बी यांचे प्रतिपादन आहे.

मेरी एन्सवर्थ यांनी युगांडात व नंतर अमेरिकेतील बाल्टिमोर येथे माता व बालके यांचे निरीक्षण करून या बंधाचे प्रकार दाखविले. पुढे हझान व शेव्हर यांनी १९८७ साली हाच विचार प्रौढांच्या नात्यांना लावला. आणि बार्थोलोम्यू व होरोविट्झ यांनी १९९१ साली प्रौढांच्या चार शैली मांडल्या. त्या अशा :

(अ) सुरक्षित : स्वतःविषयी व इतरांविषयी विश्वास, गरज पडल्यास मदत मागता येते.

(आ) चिंताग्रस्त : माणूस दुरावेल ही सततची धास्ती, आश्वासनाची वारंवार गरज.

(इ) अलिप्त : ‘मला कोणाची गरज नाही’ ही वृत्ती, भावना बोलून न दाखविणे.

(ई) भयग्रस्त : जवळीक हवीही असते व तिची भीतीही वाटते.

येथे एका गोष्टीविषयी सावध करणे आम्हांस आवश्यक वाटते. चिंताग्रस्त म्हणजे वातप्रकृती, अलिप्त म्हणजे कफप्रकृती, अशी जोडणी करण्याचा मोह आपल्यापैकी अनेकांना होईल. तशी जोडणी करण्यास आधार नाही. प्रकृती ही गर्भाधानकाळी ठरते. भावबंधशैली ही नात्यांतून घडते व नात्यांतूनच बदलते.

तो बदल किती होऊ शकतो, याचे प्रमाण इस्रायलमधील संशोधनात आहे. १९७३ च्या युद्धात कैद झालेल्या सैनिकांचा पाठपुरावा तेथील संशोधकांनी दीर्घकाळ केला. मिकुलिन्सर, सॉलोमन व त्यांचे सहकारी यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या सतरा वर्षांच्या पाठपुराव्यात असे दिसले की, युद्धकैद भोगलेल्यांमध्ये भावबंधातील असुरक्षितता काळाबरोबर वाढत गेली. युद्ध अनुभवूनही कैद न झालेल्या सैनिकांत तशी वाढ दिसली नाही. दुसऱ्या बाजूने पाहता, दुसऱ्या महायुद्धातील व कोरियातील माजी अमेरिकन युद्धकैद्यांवरील २००१ च्या अभ्यासात, पीटीएसडीच्या लक्षणांची तीव्रता ही आघाताच्या तीव्रतेपेक्षा भावबंधशैलीशी अधिक निगडित आढळली. म्हणजे असुरक्षित शैली व्याधीस पोषक ठरते आणि व्याधी त्या शैलीस अधिक असुरक्षित करते. आज समोर बसलेला अबोल, तुसडा मनुष्य मुळातच तसा होता असे धरून चालू नये. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर, विकृतीला प्रकृती समजण्याची चूक करू नये.

५. सैनिकाचा शोक का साचतो?

सैन्यात भरती होणारा तरुण घरापासून दूर जातो. भीतीच्या क्षणी ज्याच्याकडे पाहावयाचे तो माणूस आता आई नसतो, पत्नी नसते. शेजारच्या खंदकातील जोडीदार असतो. एकाने झोपावयाचे व दुसऱ्याने जागावयाचे, हा त्यांचा नित्यक्रम. ज्याच्या पहाऱ्यावर आपण निर्धास्त झोपतो त्याच्याशी जडणारा बंध हा बोल्बी यांच्या व्याख्येतील शुद्ध भावबंध होय. त्याचा मृत्यू म्हणजे मित्राचा वियोग तर खराच, परंतु त्याबरोबर आश्रयस्थानही जाते, आणि तेही ज्या क्षणी आश्रयाची सर्वाधिक गरज असते त्याच क्षणी. निवृत्त सैनिकाची झोप इतक्या वर्षांनी का उडालेली असते, याचा उलगडा यातून काही अंशी होतो.

व्हिएतनाम युद्धात शोकास प्रतिकूल अशा अनेक गोष्टी एकत्र आल्या. अमेरिकन भूसेनेतील सैनिकाची नेमणूक साधारणतः बारा महिन्यांची व मरीन दलातील सैनिकाची तेरा महिन्यांची असे. प्रत्येकजण एकेकटा येई व एकेकटा परत जाई. मृत सहकाऱ्याचा देह हेलिकॉप्टरने नेला जाई आणि उरलेल्यांना गस्तीवर निघावे लागे. मुदत संपलेला सैनिक विमानाने काही दिवसांच्या आत घरी पोहोचे. ज्यांनी तो मृत्यू पाहिला होता ते मागेच राहिलेले असत. ज्यांच्याजवळ रडावे ते जवळ नाहीत, आणि जे जवळ आहेत त्यांना काही ठाऊक नाही, अशी ही अवस्था.

बोस्टन येथे व्हिएतनाम सैनिकांवर उपचार करणारे मनोविकारतज्ज्ञ जोनाथन शे यांनी १९९४ च्या आपल्या ग्रंथात ग्रीक महाकाव्यातील अकिलीस व पॅट्रोक्लस यांच्या कथेच्या आधारे हेच दाखविले आहे. सहकाऱ्याच्या मृत्यूचा शोक रणावर बेभान क्रोधाचे रूप घेतो. १९८२ साली वॉशिंग्टन येथे सुमारे ५८ हजार मृतांची नावे कोरलेली काळ्या दगडाची भिंत उभी राहिली. तेव्हा माजी सैनिक तेथे येऊन एका नावावर बोट ठेवून रडू लागले, पत्रे व वस्तू ठेवून जाऊ लागले. शोकाला जागा मिळावयास इतकी वर्षे लागली.

आपल्याकडे महाभारतकारांनी युद्ध संपताच शोकासाठी स्त्रीपर्व योजिले आणि मृतांना जलांजली देववून मगच कथा पुढे नेली. परंतु आजच्या सैनिकाचे काय? त्यास जोडीदाराचे सुतक नसते. तो सपिंड नाही, सगोत्र नाही. दहाव्या-तेराव्याला त्याचे स्थान नाही, आणि बहुधा त्या वेळी तो सीमेवरच असतो. सांत्वन मृताच्या कुटुंबाचे होते व ते योग्यच आहे. पण याचे सांत्वन कोणी करीत नाही. ज्या शोकाचा अधिकारच समाज मान्य करीत नाही अशा शोकाचे वर्णन केनेथ डोका यांनी १९८९ साली केले. सैनिकाचा शोक बहुतांशी याच प्रकारात मोडतो. ‘मी वाचलो, तो का गेला?’ हा अपराधभाव त्यावर आणखी कुलूप घालतो.

६. शैलीनुसार शोकाचे स्वरूप

बोल्बी यांनी शोकाच्या विकृतीच्या दोन दिशा सांगितल्या. एकीत शोक अखंड चालू राहतो. दुसरीत तो दिसतच नाही. चिंताग्रस्त शैलीचा मनुष्य पहिल्या दिशेस झुकतो. मृताचे छायाचित्र, पत्रे, वस्तू यांभोवती त्याचे आयुष्य फिरते, पत्नीला व मुलांना क्षणभर दृष्टीआड होऊ देत नाही. अलिप्त शैलीचा मनुष्य दुसऱ्या दिशेस झुकतो. तो कामात बुडतो, मद्यात बुडतो, नाव काढले की उठून जातो. आणि त्याच्या तक्रारी शरीराच्या भाषेत प्रकट होतात. आमचे हवालदार या दुसऱ्या वर्गातील.

तथापि जो रडत नाही तो शोक दडपतोच आहे, असे मानणे चूक ठरेल. अनेक माणसे प्रियजनाच्या मृत्यूनंतर फारशी न खचता स्वाभाविकपणे सावरतात, हे बोनॅनो यांच्या संशोधनाने दाखविले आहे. स्ट्रोब व शूट यांनी १९९९ साली मांडलेल्या विचारानुसार निरोगी शोकात मन आळीपाळीने वियोगाकडे व पुढील जीवनाकडे वळत असते. दोहोंपैकी एकाच बाजूस ते अडकून पडणे ही विकृती. म्हणून बळेच रडविणे ही चिकित्सा नव्हे. आघातानंतर लगेच एका बैठकीत सर्व काही वदवून घेण्याच्या पद्धतीचा लाभ होत नसल्याचे सिद्ध झाले आहे.

७. आयुर्वेदीय विचार

पीटीएसडी ही व्याधी आपल्या संहितांत त्या रूपात वर्णिलेली नाही, आणि ओढूनताणून ती तेथे दाखविण्यात अर्थ नाही. परंतु भय व शोक हे भिन्न हेतू आहेत, ही दृष्टी आपल्या आचार्यांना निश्चित होती. चरकाचार्यांनी अतिसारचिकित्सेत भयज व शोकज असे दोन मानस आगंतु अतिसार स्वतंत्र गणले आहेत. दोहोंत वायू शीघ्र प्रकुपित होतो, लक्षणे वातातिसाराप्रमाणे असतात, आणि चिकित्सेत वातहर क्रियेबरोबरच हर्षण व आश्वासन सांगितले आहे. आमच्या रुग्णाच्या बाबतीत आमचा दोषविचार बरोबर होता. हेतुविचार अपुरा होता. अर्धी चिकित्सा आम्ही केली, अर्धी सात वर्षे राहून गेली.

दुसरा विचार वेगांचा. सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात शोकाचा वेग धारण करावा असे सांगितले आहे, तर बाष्पाचा, म्हणजे अश्रूंचा वेग तेरा अधारणीय वेगांत गणला आहे. वरवर पाहता हा विरोध वाटतो. आमच्या मते शोकाच्या भरात अहितकर कृती करू नये हे पहिल्याचे तात्पर्य, आणि येणारे अश्रू अडवू नयेत हे दुसऱ्याचे. बाष्पनिग्रहाने प्रतिश्याय, नेत्ररोग, हृद्रोग, अरुची व भ्रम होतात असे तेथे म्हटले आहे. सैनिकाला मात्र नेमके अश्रू अडविण्याचेच शिक्षण मिळालेले असते. रणांगणावर ते आवश्यकही असते. घरी परतल्यावर ते शिक्षण मोडावयास कोणी शिकवीत नाही.

बाष्पनिग्रहावर निद्रा, मद्य व प्रिय कथा हे उपचार सांगितले आहेत. यांपैकी मद्याचा उपदेश या रुग्णांत कदापि लागू करू नये. पीटीएसडीच्या रुग्णांत मद्यासक्तीचे प्रमाण मोठे असून मद्याने निद्रा अधिकच खंडित होते, विषाद वाढतो व आत्मघाताचा धोका बळावतो. देश, काल व रुग्ण पाहून शास्त्रवचनाचा विनियोग करावा, हेही शास्त्रच आहे.

तिसरा विचार उन्मादचिकित्सेतील. प्रिय वस्तूच्या नाशाने ज्याचे मन उपहत झाले आहे त्यास तत्सदृश वस्तूची प्राप्ती व सांत्वन-आश्वासन यांनी शमवावे, असे चरकाचार्य सांगतात. जोडीदाराला पर्याय नसतो हे खरे. परंतु ज्यांनी तेच सोसले अशा माजी सैनिकांचा सहवास हा तत्सदृश प्राप्तीचा व्यवहार्य अर्थ होऊ शकतो.

आधुनिक मनोचिकित्साही याच दिशेने गेली आहे. कॅथरीन शिअर यांनी शोकासाठी विशेषत्वाने रचलेल्या चिकित्सेची तुलना २००५ साली दुसऱ्या एका मान्य मनोचिकित्सेशी केली असता, पहिलीने ५१ टक्के व दुसरीने २८ टक्के रुग्णांना लाभ झाला. ते रुग्ण सैनिक नव्हते. तथापि शोकाला शोकाचीच चिकित्सा लागते, हा बोध त्यातून निश्चित मिळतो. ब्रेट लिट्झ व सहकाऱ्यांनी सैनिकांसाठी रचलेल्या पद्धतीत तर, मृत सहकारी समोर आहे अशी कल्पना करून रुग्णाने त्याच्याशी बोलावे, अशी योजना आहे.

८. चिकित्सालयात काय करावे?

माजी सैनिक निद्रा, ग्रहणी, वेदना अथवा संताप यांची तक्रार घेऊन आला असता पुढील क्रम आम्ही सुचवितो.

(१) रुग्णपत्रकात सेवेचा काळ व ठिकाणे नोंदवावीत. लढाईची वर्णने विचारू नयेत. ‘‘तुमच्या तुकडीत तुमचं जास्त कुणाशी जमायचं?’’ एवढाच प्रश्न पुरतो. उत्तर टाळल्यास आग्रह धरू नये. प्रश्न विचारला गेला आहे हे रुग्णाच्या ध्यानात राहते.

(२) लक्षणांची वृद्धी वर्षाच्या कोणत्या दिवसांत होते ते पाहावे. ऋतूबरोबर तारीखही पाहावी.

(३) ‘‘शेवटचा निरोप देता आला का?’’ ‘‘त्यांच्या घरी जाणं झालं का?’’ हे प्रश्न योग्य वेळी विचारावेत.

(४) नाव उच्चारले गेल्यास ते लिहून ठेवावे व पुढील भेटीत त्याच नावाने उल्लेख करावा. मृतास नाव असते, ‘तो प्रसंग’ असे नव्हे.

(५) जीव नकोसा होतो का, हे स्पष्ट शब्दांत विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजतो ही समजूत निराधार आहे. अनेक माजी सैनिक सुरक्षारक्षकाची नोकरी करतात व त्यांच्याजवळ परवान्याचे शस्त्र असते. तशी स्थिती असल्यास कुटुंबीयांशी बोलून शस्त्र काही काळ दूर ठेवण्याची व्यवस्था त्याच दिवशी करावी.

(६) पीटीएसडी अथवा दीर्घकालीन शोकाची शंका येताच मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवावे. निवृत्तिवेतनधारक माजी सैनिकांसाठी २००३ साली सुरू झालेल्या अंशदायी आरोग्य योजनेची पॉलिक्लिनिके आहेत. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचेही साहाय्य होते. शासनाची टेलि-मानस ही दूरध्वनिसेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. आपली चिकित्सा ही त्या उपचारांस पूरक असावी, पर्याय नसावी.

(७) पत्नीशी स्वतंत्रपणे बोलावे. भावबंधाचा आज जिवंत असलेला आधार बहुधा तीच असते, आणि संतापाचा पहिला आघातही तीच सोसते.

९. औषधी विक्रेत्या बंधूंसाठी

सैनिक अनेकदा चिकित्सकापूर्वी औषधी दुकानात येतो. म्हणून चार गोष्टी.

एक, निद्रेसाठी सर्पगंधेचे कल्प चिकित्सकाच्या लेखी सूचनेवाचून देऊ नयेत. त्यातील रेसर्पिनमुळे रक्तदाब उतरतो व विषाद निर्माण होऊ शकतो किंवा बळावतो. शोकग्रस्तास ते घातक ठरेल. दोन, अश्वगंधारिष्ट, सारस्वतारिष्ट यांसारख्या संधान कल्पांत साधारणतः ५ ते १० टक्के स्वयंजनित मद्य असते. मद्य सोडलेल्या रुग्णास ते देऊ नयेत. डायसल्फिराम ही मद्यमुक्तीची गोळी चालू असल्यास त्यांनी गंभीर प्रतिक्रिया उद्भवू शकते. अशांसाठी चूर्ण, घृत वा वटी हे पर्याय आहेत. तीन, अश्वगंधा सर्वथा निरुपद्रवी आहे असे सांगून विकू नये. यकृतास अपाय झाल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत आणि झोपेच्या गोळ्यांबरोबर तिने गुंगी वाढू शकते. चार, ‘‘इंग्रजी गोळ्या बंद करा, हे घ्या,’’ असे कोणीही म्हणू नये. मनोविकाराची औषधे अचानक थांबविल्यास व्याधी उलटते.

झोपेच्या गोळ्या पुन्हा पुन्हा मागणाऱ्या माजी सैनिकास नकार देताना दोन शब्द आपुलकीने बोलावेत व वैद्याकडे धाडावे. ते दोन शब्दही आश्वासनचिकित्साच आहेत.

१०. उपसंहार

पुढील आषाढ येण्यापूर्वी आम्ही हवालदारसाहेबांना जोडीदाराविषयी विचारले. ते बराच वेळ गप्प बसले, मग उठून गेले. आमचे चुकले असे आम्हांस वाटले. तीन आठवड्यांनी ते परत आले, त्याचे नाव सांगितले, गाव सांगितले, आणि त्याच्या घरी आपण एकदाही गेलो नाही हे सांगितले. त्याच्या आईसमोर आपण जिवंत कसे उभे राहणार, हा त्यांचा प्रश्न होता. आता त्यांचे उपचार मनोविकारतज्ज्ञांकडे चालू आहेत. बस्ती व आहाराचा क्रम आम्ही सांभाळतो. गेल्या दोन वर्षांत जुलैमध्ये ते जोडीदाराच्या गावी जाऊन आले. निद्रा पूर्ववत झाली असा दावा आम्ही करणार नाही. पावसाळ्यात ग्रहणी अजूनही त्रास देते, पण पूर्वीइतकी नाही. एका रुग्णावरून सिद्धान्त होत नाही हे आम्ही जाणतो.

तथापि ज्या एका प्रश्नाला सात वर्षे लागली तो प्रश्न आपणांपैकी कोणास पहिल्याच भेटीत सुचला, तर प्रस्तुत लेखाचे प्रयोजन सफल झाले असे आम्ही समजू. पश्चिम महाराष्ट्रातील अनेक गावांत घरटी एक सैनिक आहे. त्यांतील कोणी उद्या आपल्या पुढ्यात बसला तर नाडी पाहावी, जिव्हा पाहावी, अग्नी विचारावा. आणि मग, त्याने कोणाला गमावले आहे, हेही विचारावे.